चाळिशीनंतरचे धावणे : शरीर, जोखीम आणि क्रम

वयाची चाळिशी ओलांडलेल्या, दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या आणि दोन जिने चढताच धाप लागणाऱ्या व्यक्तीने धावायला सुरुवात करावी की नाही आणि करायची तर कशी, हा प्रश्न वरकरणी खासगी निवडीचा वाटत असला, तरी भारतात तो आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. ‘आवश्यक तेवढी’ हालचाल म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींप्रमाणे, आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा किमान ७५ मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम. त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही अपेक्षित आहे. भरभर चालणे मध्यम श्रमात मोडते आणि धावणे जोरकस श्रमात. त्यामुळे थोड्या वेळात पुरेसा व्यायाम घडवणारा आणि बुटांच्या एका जोडाखेरीज फारसे काही न मागणारा प्रकार म्हणून धावण्याकडे मध्यमवयीनांचा ओढा वाढावा, हे स्वाभाविक आहे.

या विषयाचे तीन उपप्रश्न पडतात. दीर्घकाळ निष्क्रिय राहिलेले शरीर या वयात धावणे शिकू शकते का, त्यात धोका किती आणि कोणाला, आणि शिकण्याचा क्रम कसा असावा? उपलब्ध पुरावा एकत्र ठेवला असता असे दिसते की शरीर निश्चितपणे शिकते, परंतु त्याचे सर्व भाग एकाच गतीने शिकत नाहीत. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, यांना कित्येक महिने लागतात. मध्यम वयातील नवशिक्या धावकांच्या तक्रारींचा मोठा भाग या तफावतीतून उद्भवतो.

धावणे सर्वसामान्यांचे कसे झाले

प्रौढ माणसाने केवळ आरोग्यासाठी रस्त्यावर धावावे, ही कल्पना फार जुनी नाही. तिच्यामागे दोन धागे आहेत. पहिला धागा रोगपरिस्थितीविज्ञानाचा, म्हणजे समूहात रोग कसे आणि का पसरतात याचा शोध घेणाऱ्या शास्त्राचा. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे त्यातून दिसले, आणि श्रम व हृदय यांचा संबंध प्रथमच एवढ्या ठळकपणे पुढे आला.

दुसरा धागा क्रीडा-प्रशिक्षणाचा आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये स्थूल, मध्यमवयीन आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही हळूहळू धावायला लावले. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांना भेटायला गेले. त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन या मंडळींबरोबर धावले, तेव्हा सत्तरी पार केलेल्या आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सहज मागे टाकले. मायदेशी परतल्यावर बॉवरमन यांनी डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने प्रौढांसाठी वर्ग चालवले आणि १९६७ साली ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. स्पर्धकांची मक्तेदारी असलेले धावणे यानंतर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. या चळवळीच्या उगमाशी शर्यत नव्हती, रमतगमत धावणे होते, ही गोष्ट आजच्या नवशिक्याने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

शरीर काय परत मिळवते

सहनशक्तीचे सर्वमान्य मोजमाप म्हणजे कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, अर्थात अतिश्रमाच्या वेळी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे माप. निष्क्रिय व्यक्तीत तिशीनंतर दर दशकाला ही क्षमता सुमारे १० टक्क्यांनी घटते. ही घट वयामुळे किती आणि बैठ्या जीवनामुळे किती, याचे उत्तर अमेरिकेतील डॅलस येथील एका दीर्घ प्रयोगाने दिले. १९६६ साली विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णपणे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले आणि त्यांची क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते असे आढळले. त्यानंतर सहा महिने चालणे, सायकल आणि संथ धावणे अशा चढत्या क्रमाच्या व्यायामाने त्यांनी तीस वर्षांत गमावलेली क्षमता भरून काढली. अवघ्या पाच जणांवरील प्रयोगातून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तथापि वयाच्या खात्यावर टाकली जाणारी बरीचशी घसरण खरे तर खुर्चीच्या खात्यावरची आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

२०१८ साली डॅलसमधीलच संशोधकांनी ४५ ते ६४ या वयोगटातील निष्क्रिय व्यक्तींना दोन वर्षे नियमित व्यायाम देऊन आणखी महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढलीच, शिवाय वयानुसार ताठर होत जाणारा हृदयाचा डावा कप्पाही पुन्हा लवचीक झाला. पासष्टीनंतर व्यायाम सुरू केलेल्यांमध्ये अशी लवचीकता परतल्याचे आधीच्या अभ्यासात दिसले नव्हते. चाळिशी-पन्नाशी ही उशीर झाल्याची वेळ नसून, हृदयाची घडण अद्याप बदलू शकते अशा काळातील संधी आहे, असा त्याचा अर्थ निघतो.

भारतीयांच्या बाबतीत या संधीला अधिक वजन आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असते. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेल्या एका टिपणात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ असताना चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वजनकाट्यावर निर्धास्त राहणाऱ्या माणसालाही व्यायामाची गरज असू शकते, हे यातून सूचित होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि स्नायूंकडून साखरेचा वापर वाढवणारे जे उपाय ज्ञात आहेत, त्यांत नियमित व्यायाम अग्रभागी आहे.

आयुर्मानाचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

धावण्याचा मृत्युदराशी असलेला संबंध अनेक अभ्यासांनी तपासला आहे. त्यांपैकी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ५५,१३७ प्रौढांचा सरासरी १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांचे सरासरी वय ४४ होते. न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळला. आठवड्याला एक तासाहूनही कमी आणि तेही संथ गतीने धावणाऱ्यांना मिळणारा लाभ जास्त धावणाऱ्यांच्या लाभापेक्षा फारसा कमी नव्हता. २०१९ साली १४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, ज्यात २ लाख ३२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती, एकूण मृत्यूचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले आणि धावण्याचे प्रमाण वाढवल्याने लाभ वाढतोच असे दिसले नाही.

हे सर्व अभ्यास निरीक्षणात्मक आहेत, म्हणजे लोकांना चिठ्ठ्या टाकून ‘धावणारे’ आणि ‘न धावणारे’ असे वाटून दिलेले नाही. जे मुळात निरोगी असतात, तेच धावायला लागतात, ही शंका त्यामुळे पूर्णपणे मिटत नाही. मॉरिस यांनी स्वतःच बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालक नोकरीला लागतानाच कमरेने जाड असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून टक्केवारीचा आकडा शब्दशः घेऊ नये. मात्र निरनिराळ्या देशांतील पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतो आणि शरीरक्रियेचे ज्ञान त्याला दुजोरा देते, हे नाकारता येत नाही.

हृदयाची जोखीम

धावता धावता कोसळलेल्या माणसाची बातमी अनेकांना या वाटेवरून परत फिरवते. तिची भीती निराधार नाही, पण तिचे खरे माप घेतले पाहिजे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात, क्वचितच व्यायाम करणाऱ्या व्यक्तीने अचानक अतिश्रम केल्यास त्या वेळेपुरता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे १०७ पट वाढतो, तर आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यात तो केवळ अडीचपटीच्या आसपास वाढतो, असे आढळले. एका तासापुरता मूळ धोका अत्यल्प असल्याने शंभरपट वाढूनही प्रत्यक्ष शक्यता लहानच राहते. तरीही बैठ्या माणसाने पहिल्याच दिवशी जीव तोडून धावणे, ही या विषयातील सर्वांत धोकादायक कृती आहे, आणि तिच्यापासून संरक्षण देणारी गोष्टही नियमित, चढत्या क्रमाचा व्यायाम हीच आहे.

जिम फिक्स यांचे उदाहरण येथे अपरिहार्य ठरते. पस्तिशीत, वजन वाढलेले आणि सिगारेटची सवय असताना त्यांनी धावायला सुरुवात केली. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने लक्षावधींना धावते केले. आणि १९८४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, धावत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. हृदयाच्या रोहिण्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्याचे शवविच्छेदनात दिसले. त्यांच्या वडिलांना पस्तिशीत पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. धावणे हे आनुवंशिक धोक्यावरचे कवच नव्हे आणि तपासणीला पर्यायही नव्हे, हा या घटनेचा धडा आहे.

म्हणून ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा ज्यांना श्रमाच्या वेळी छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे सरकणारी कळ, भोवळ, धडधड अथवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावू नये. जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार असणाऱ्यांनी आणि तंबाखूचे सेवन करणाऱ्यांनीही आधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेणे शहाणपणाचे आहे. बाकीच्यांना चालण्यापासून आरंभ करण्यास सहसा अडसर नसतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची औषधे घेणाऱ्यांनी मनगटी घड्याळातील नाडीच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण ही औषधे नाडीची गती दाबून ठेवतात. इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धावताना काहीतरी गोड जवळ बाळगावे.

गुडघे, टाचा आणि नडग्या

‘धावल्याने गुडघे झिजतात’ हा समज घरोघरी पक्का आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौसेने धावणाऱ्यांमध्ये सुमारे ३.५ टक्के, न धावणाऱ्यांमध्ये सुमारे १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावकांमध्ये सुमारे १३.३ टक्के आढळले. सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, दाबाच्या आणि विसाव्याच्या आवर्तनातून पोसली जाते, असे संशोधक मानतात. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले किंवा दुखावलेले आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा असून तो अस्थिरोगतज्ज्ञांकडेच सोडवला पाहिजे.

खरी अडचण झिजेपेक्षा दुखापतीची आहे. दर १,००० तास धावण्यामागे नवशिक्यांना सुमारे १७.८ दुखापती होतात, तर नियमित हौशी धावकांना सुमारे ७.७, असे २०१५च्या एका आढाव्यात दिसते. नडगीच्या आतल्या कडेला होणारी वेदना, गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे, तळपायाच्या पडद्याचा दाह आणि टाचेमागच्या कंडरेची सूज या त्यांतील नेहमीच्या. टाचेमागची कंडरा या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अनेकपट ताण तिच्यावर येतो, आणि एका किलोमीटरमध्ये अशी हजाराहून अधिक पावले पडतात. तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तिची डागडुजी संथपणे होते. धावत असताना ती बहुधा तक्रार करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या चार-पाच पावलांत ती आखडल्यासारखी दुखते, माणूस जिना उतरताना कठडा धरतो आणि थोड्या वेळाने दुखणे विरून जाते. ही खूण दिसताच धावणे कमी केले, तर काही दिवसांत प्रश्न सुटतो. तिकडे दुर्लक्ष केले, तर तो महिनोन्‌महिने रेंगाळतो.

क्रमाचा प्रश्न

नवशिक्यांसाठीच्या बहुतेक पद्धती चालणे आणि धावणे आलटून-पालटून करण्यावर उभ्या आहेत. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी ही रीत रुजवली, तर १९९६ साली जॉश क्लार्क यांनी आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर पोहोचला. त्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून झाल्यावर ६० सेकंद संथ धावणे आणि ९० सेकंद चालणे अशी आवर्तने २० मिनिटे करायची असतात. असे आठवड्यातून तीनच दिवस करायचे आणि मधले दिवस विश्रांतीचे. म्हणजे एका दिवसात प्रत्यक्ष धावणे अवघे आठ मिनिटे घडते. हे प्रमाण अनेकांना हास्यास्पद वाटते, आणि दम टिकतो आहे म्हणून ते दुसऱ्याच आठवड्यात ते दुप्पट करतात. नेमका हाच दम कंडरांच्या तयारीबद्दल दिशाभूल करतो.

मात्र ठरावीक तक्ता काटेकोरपणे पाळला की दुखापत टळते, असेही नाही. नेदरलँड्समध्ये ५०० हून अधिक नवशिक्यांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम आणि आठवड्याला १० टक्के वाढीच्या नियमावर बेतलेला तेरा आठवड्यांचा संथ कार्यक्रम यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत सुमारे एकपंचमांश लोकांना दुखापत झाली. एकच आकडा सर्वांच्या शरीराला लागू पडत नाही, हा त्याचा वाजवी अर्थ आहे. वाढ किती करायची, हे दिनदर्शिकेपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या सकाळने ठरवावे. पायांत नवीन वेदना नसेल तरच पुढची पायरी घ्यावी, किंचित आखडलेपण असेल तर तोच आठवडा पुन्हा करावा, आणि चाल बदलायला लावणारी वेदना असेल तर थांबावे. नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाला पंचेचाळिशीतील माणसाने पंधरा-वीस आठवडे घेतले, तर त्यात कमीपणा नाही.

वेगाबाबत सर्वांत उपयुक्त कसोटी बोलण्याची आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती योग्य, तुटक शब्दच निघत असतील तर ती जास्त. आयुर्वेदातील व्यायामविचार याच्याशी जुळतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बलवान माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच, तर अन्य ऋतूंत त्याहूनही कमी व्यायाम करावा असे सांगितले आहे. प्राचीन ग्रंथाने दिलेली ही मर्यादा नवशिक्या धावकाच्या आजच्या गरजेला नेमकी लागू पडते.

बळ वाढवणारा व्यायाम हा या क्रमाचा वैकल्पिक भाग मानू नये. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान काही टक्क्यांनी घटत जाते. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, बैठका आणि पोटऱ्या-मांड्यांचे साधे व्यायाम आठवड्यातून दोनदा केल्यास धावण्याचा भार पेलण्याची क्षमता वाढते. बुटांच्या बाबतीत किंमत वा जाहिरात यांपेक्षा पायाला सुखकर वाटणे आणि बोटांना पुढे पुरेशी जागा असणे हेच निकष पुरेसे आहेत.

वजन उतरवण्यासाठीच धावणाऱ्यांनी हिशेब समजून घ्यावा. दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७५ किलो वजनाची व्यक्ती तीन किलोमीटर धावली, तर सुमारे २२५ कॅलरी, जवळपास एका वडापावाइतक्या. आहारात बदल न करता केवळ धावून वजन झपाट्याने उतरत नाही, पण काटा न हललेल्या माणसाचेही रक्तदाब, साखर आणि हृदयाची क्षमता सुधारू शकतात.

महाराष्ट्राचे हवामान, रस्ते आणि घर

परदेशी कार्यक्रम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सूर्योदयानंतर लगेच उष्मा वाढतो. पावसाळ्यात शेवाळलेले रस्ते आणि पाण्याखाली दडलेले खड्डे घोटे मुरगाळतात. उष्णतेला सरावायला शरीराला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून उन्हाळ्यात गतीची अपेक्षाच सोडावी. ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास केलेला आरंभ सर्वांत सोयीचा ठरतो. शहरांत मात्र हिवाळ्यात हवेचे प्रदूषण वाढते, त्या दिवसांत गजबजलेला रस्ता टाळून मैदान किंवा टेकडी गाठावी.

स्त्रियांसाठी अडसर अधिक आहेत. पहाटेचा वेळ डब्यांत आणि पाणी भरण्यात जातो, अंधारात एकटीने बाहेर पडणे सुरक्षित वाटत नाही आणि कपड्यांवरच्या नजराही सोसाव्या लागतात. दुसरीकडे, रजोनिवृत्तीच्या काळात हाडे वेगाने विरळ होत असल्याने भार पेलणाऱ्या व्यायामाची त्यांना विशेष गरज असते. बाळंतपणानंतर किंवा या वयात धावताना लघवीचे थेंब निसटणे ही सर्रास आढळणारी आणि क्वचितच उच्चारली जाणारी तक्रार आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने ती बहुतांशी सुधारते, म्हणून तिच्यापायी धावणे सोडण्याऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलावे. घरातील कामाची वाटणी बदलल्याखेरीज स्त्रियांच्या व्यायामाचा प्रश्न सुटणार नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

१९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉन आणि २०१२ पासूनची सातारा हिल हाफ मॅरेथॉन यांनी महाराष्ट्रात धावण्याला प्रतिष्ठा आणि सोबत मिळवून दिली. गटात धावल्याने सातत्य टिकते, हा त्यांचा मोठा लाभ. परंतु ४२.१९५ किलोमीटर किंवा सातारच्या घाटाची चढण ही पहिल्या वर्षाची उद्दिष्टे होऊ शकत नाहीत. आरोग्याचा बहुतेक लाभ आठवड्याला तास-दीड तासाच्या संथ धावण्यातच मिळतो, हे पुराव्यांनी दाखवले असताना, सहकाऱ्याच्या गळ्यातील पदक पाहून तयारीविना नाव नोंदवणे म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरणे होय.

निष्कर्ष

मध्यम वयात धावायला लागणे शक्य आहे, बहुतेकांसाठी ते सुरक्षित आहे आणि त्याचा लाभ थोड्या प्रमाणातही भरपूर आहे, असा उपलब्ध पुराव्याचा एकंदर कौल आहे. मात्र धोक्याची लक्षणे असणाऱ्यांनी आधी तपासणी करावी, इतरांनी चालण्यापासून आरंभ करून पहिले वर्ष केवळ पाया घालण्यासाठी राखून ठेवावे आणि वेग, अंतर व पदके यांचा विचार त्यानंतरच करावा. महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी पहाटे उघडी राहणारी, उजेड असलेली मैदाने व चालण्याजोगे पदपथ उपलब्ध करून दिले, तर या वाटेवर येणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या निश्चितच वाढेल. ज्यांनी हा निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला आहे, त्यांनी या आठवड्यात तीन दिवस अर्धा तास भरभर चालावे. धावण्याची पहिली साठ सेकंदे त्यानंतरच्या आठवड्यात घ्यावीत.